लोखंडाचे पैसे आणि पुराव्याचे पैसे

१० जुलै १८७३ च्या सकाळी पॉल व्हर्लेन हा फ्रेंच कवी ब्रसेल्समधल्या एका बंदूकवाल्याकडे गेला आणि २३ फ्रँक मोजून त्याने एक रिव्हॉल्व्हर घेतलं. सहा गोळ्यांचं, सात मिलिमीटरचं, लफोशो पद्धतीचं. त्या काळी युरोपात असली रिव्हॉल्व्हरं खोऱ्याने मिळत. रात्री उशिरा घरी परतणाऱ्या कुणाही व्यापाऱ्याच्या खिशात एखादं असायचं. दुपारपर्यंत भरपूर दारू पोटात गेल्यावर व्हर्लेनने हॉटेलच्या खोलीत आपला प्रियकर, तरुण कवी आर्थर रँबो याच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक रँबोच्या मनगटात घुसली, दुसरी भलतीकडेच गेली. व्हर्लेनला दोन वर्षांची शिक्षा झाली. रिव्हॉल्व्हर जप्त झालं आणि यथावकाश ज्या दुकानातून आलं होतं तिथेच परत जाऊन पडलं. पुढे ते दुकान बंद झालं, माल संग्राहकांकडे गेला. दुकानाच्या विक्रीच्या नोंदी मात्र शाबूत होत्या आणि त्यांत या नगाचा क्रमांक होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये पॅरिसला ख्रिस्टीजच्या लिलावात ते आलं तेव्हा तज्ज्ञांचा अंदाज होता ५० ते ६० हजार युरोंचा. विकलं गेलं ४,३४,५०० युरोंना.

तीनच वर्षांनी पॅरिसमध्येच आणखी एक लफोशो विकायला आलं. हेही सात मिलिमीटरचंच, पण गंजून त्याचा लगदा झालेला. ओव्हेर-सुर-वाझ या गावाबाहेरच्या शेतात १९६५ मध्ये एका शेतकऱ्याला ते सापडलं होतं. २७ जुलै १८९० रोजी व्हिन्सेंट व्हॅन गॉगने याच परिसरात स्वतःच्या छातीत गोळी झाडून घेतली होती. गोळीचा आकार जुळतो, जागा जुळते, गंजाचं वयही साधारण जुळतं. अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने ते एका प्रदर्शनात मांडलंही होतं. पण हेच ते रिव्हॉल्व्हर, असं सांगणारा कागद नाही. जून २०१९ मध्ये ते १,६२,५०० युरोंना गेलं.

प्रसिद्धीच्या हिशेबाने पाहिलं तर व्हर्लेन व्हॅन गॉगच्या पासंगालाही पुरत नाही. जगात शंभर जणांना विचारा, नव्वद जणांना व्हर्लेन ठाऊक नसेल. तरी त्याच्या हत्याराला अडीच पटीहून जास्त पैसे मिळाले. एक नग चालता आणि दुसरा गंजका, हे कारण थोडंफार खरं आहे. पण ही रिव्हॉल्व्हरं चालवायला कोण घेत होतं? फरक पडला तो दुकानाच्या वहीतल्या एका ओळीमुळे. खात्री आणि शक्यता यांच्यातलं अंतर असं रोखीत मोजलेलं फार क्वचित पाहायला मिळतं. आणि या दोघांचं नाव नसलेलं तेच लफोशो? युरोपातल्या जुन्या बाजारात काहीशे युरोंत आजही मिळतं.

जुन्या बंदुकांच्या बाजाराकडे बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की इथे वयाला किंमत असावी. तसं ते नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या हजारो बंदुका मातीमोल भावात विकल्या जातात. हा बाजार वस्तूपेक्षा पुराव्याचा आहे, आणि हे ज्याला कळलं त्याला इथले आकडे वेडेपणाचे वाटेनासे होतात.

आजवर लिलावात सर्वांत महाग विकलं गेलेलं बंदुकीच्या जातीचं हत्यार हे याचं ठसठशीत उदाहरण आहे. ते आहे १८८० च्या सुमाराचं कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर. नवं असताना पंधरा-वीस डॉलरला मिळणारं. चांदीकाम नाही, नक्षी नाही, हस्तिदंती मूठ नाही. रंग उडालेला, करडा-तपकिरी झालेला. ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला बॉनहॅम्सने त्याचा लिलाव केला. अंदाज २० ते ३० लाख डॉलरचा होता. अखेरची किंमत ६०,३०,३१३ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ४४ कोटी रुपयांहून जास्त.

हे रिव्हॉल्व्हर पॅट गॅरेटचं. न्यू मेक्सिकोतल्या लिंकन परगण्याचा हा शेरीफ. १४ जुलै १८८१ च्या रात्री फोर्ट समनरला, पीट मॅक्सवेलच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत त्याने बिली द किड या फरारी गुन्हेगाराला गोळी घातली. बिली तेव्हा जेमतेम एकविशीतला. त्याआधी अडीच महिन्यांपूर्वी फाशीची वाट पाहत असताना तो लिंकनच्या कोर्टातून दोन पहारेकऱ्यांना मारून पळाला होता. अमेरिकेच्या पश्चिमेची जी दंतकथा पुढे कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी जगभर नेली, तिचा एक खांब म्हणजे ही रात्र.

पण प्रश्न असा की हेच ते रिव्हॉल्व्हर कशावरून? कोल्टने त्या मॉडेलचे लाखो नग बनवले. 'बिलीला मारलं ते हे' असं सांगणारे त्या भागात दर गावाला दोन निघाले असते. इथे आपल्याला गॅरेटच्या कर्जबाजारीपणाचे आभार मानावे लागतील. तो आयुष्यभर पैशाच्या अडचणीत होता. हे रिव्हॉल्व्हर त्याने एल पासोतल्या टॉम पॉवर्स नावाच्या दारूगुत्त्याच्या मालकाकडे दिलं. पॉवर्सला गिऱ्हाइकांना दाखवायला अशा वस्तू हव्याच असत. १९०६ मध्ये गॅरेटने हे हत्यार कोणतं, कुठून आलं आणि त्याने काय केलं हे सहीनिशी लिहून दिलं, क्रमांकासह: ५५०९३. बिलीच्याच टोळीतल्या बिली विल्सनला डिसेंबर १८८० मध्ये पकडलं तेव्हा ते त्याच्याकडून मिळालं होतं. १९०८ मध्ये गॅरेटचाही खून झाला. पुढे पॉवर्स वारला तेव्हा गॅरेटच्या विधवेने, अपोलिनारियाने, कोर्टात दावा लावला की वस्तू दाखवायला दिली होती, विकली नव्हती. कोर्टाने १९३० च्या दशकात निकाल तिच्या बाजूने दिला. त्या गरीब बाईने नवऱ्याचं हत्यार परत मिळवण्यासाठी लढवलेला हा खटला म्हणजे आज सोन्याहून मोलाचा दस्तऐवज आहे. कोर्टाच्या कागदात ज्या वस्तूची मालकी, क्रमांक आणि प्रवास नोंदला गेला, तिच्यावर शंका घ्यायला जागाच राहत नाही. पुढचे मालकही एकामागोमाग एक ठाऊक आहेत. शेवटी ते टेक्सासमधल्या एका प्राध्यापकाच्या आणि त्याच्या पत्नीच्या संग्रहात होतं आणि तिथून लिलावात आलं.

मालकांची ही अखंड साखळी या धंद्यात सगळ्यांत आधी मागितली जाते. एक कडी तुटली की भाव कोसळतो. 'आमचे आजोबा सांगायचे' या वाक्याला लिलावघरात दमडीची किंमत नाही. आजोबांनी लिहून ठेवलं असेल तर बोलू. कोल्ट कंपनी आजही आपल्या दप्तरातून दाखला देते: अमुक क्रमांकाचं रिव्हॉल्व्हर अमुक तारखेला, अमुक नळीचं, अमुक व्यापाऱ्याकडे रवाना झालं. विंचेस्टरच्या जुन्या वह्या वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहेत. ठरावीक फी भरली की उतारा मिळतो. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्याला जे स्थान, ते तिथे या पत्राला.

पुराव्याचा आणखी एक प्रकार आहे, तो कागदावर नसतो, धातूवर असतो. पोलादी भागांना कारखान्यात निळी-काळी झळाळी दिलेली असते. ती हाताच्या घामाने, चामड्याच्या म्यानात घासून, हवेने हळूहळू जाते. संग्राहक ती टक्क्यांत मोजतात: नव्वद टक्के मूळ झळाळी, चाळीस टक्के, दहा टक्के. नव्वदवरून पंचाण्णववर गेलं की भाव कधीकधी दुप्पट होतो, कारण तेवढ्या शाबूत स्थितीतले नग बोटांवर मोजण्याइतके उरतात.

म्हणून लिलावाआधीच्या पाहणीत दर्दी माणूस काय करतो ते बघण्यासारखं असतं. तो हत्यार उचलून नेम धरत नाही. खिशातून छोटी बॅटरी आणि भिंग काढतो आणि आधी स्क्रू बघतो. खाचेच्या कडा धारदार आहेत की कुणी चुकीच्या मापाचा पेचकस घालून त्या फाडल्यात? मग नळीवर ठोकलेली कंपनीची अक्षरं. मूळ अक्षराच्या कडा टोकदार असतात. पॉलिश करून पुन्हा रंग चढवलेल्या नळीवर त्या विरघळल्यासारख्या गोल होतात. स्क्रूच्या भोकाभोवती किंचित खोलगटपणा आला असेल तर पॉलिशचं चाक तिथून फिरलंय हे नक्की. झिजायला हवी तिथे, म्हणजे नळीच्या तोंडाशी आणि चक्राच्या कडेला झळाळी शाबूत आणि भलतीकडे गेलेली, असं दिसलं तर तो हत्यार खाली ठेवतो. मग सुट्या भागांवरचे क्रमांक: सांगाड्यावर, चापाच्या कड्यावर, मुठीच्या आत. सगळे जुळले तर ठीक, एखादा वेगळा निघाला तर कुणीतरी दोन बंदुकांची एक केली. हे सगळं पाच मिनिटांत होतं आणि तोंडातून शब्द निघत नाही, कारण शेजारी दुसरा बोली लावणारा उभा असतो.

घरात सापडलेल्या जुन्या बंदुकीचं सर्वांत मोठं नुकसान चोर करत नाही, उत्साही जावई करतो. तो वाळूचा कागद आणि ब्रासो घेऊन बसतो आणि रविवारच्या दुपारभरात शंभर वर्षांचा पुरावा घासून टाकतो. मग वस्तू चकचकीत दिसते आणि निम्म्याहून कमी भावाला जाते.

स्थिती आणि साखळी दोन्ही जुळून आली तर काय होतं याची दोन उदाहरणं पुरेत. १८४७ मध्ये सॅम्युअल कोल्टने टेक्सास रेंजर सॅम वॉकरच्या सूचनांवरून एक प्रचंड रिव्हॉल्व्हर बनवलं. वजन दोन किलोंच्या आसपास, नळी नऊ इंच. कोल्टचा आधीचा कारखाना १८४२ मध्येच बुडाला होता, म्हणून हे कनेक्टिकटमध्ये दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घ्यावं लागलं. एकूण नग अकराशे: हजार सरकारला, शंभर नागरी ग्राहकांसाठी आणि भेटी देण्यासाठी. मेक्सिकोच्या लढाईत सरकारी नगांचे हाल झाले. काही तर दारू जास्त भरल्याने फुटले. नागरी नगांपैकी एक नील्स हॅन्सन नावाच्या डॅनिश जहाजाच्या कप्तानाने मूळ पेटीसह घेतला आणि मायदेशी नेला. तिथे तो पेटीतच राहिला, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या नजरेतूनही वाचला. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रॉक आयलंड लिलावघरात त्याला १८,४०,००० डॉलर मिळाले. ज्यांनी इतिहास घडवला ते हजार नग झिजून गेले. जो काहीच न करता पेटीत पडून राहिला तो लक्षाधीश झाला. बंदुकांच्या बाजारातला हा न्याय मला कायम थोडा विचित्र वाटत आला आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकी सेनापती युलिसिस ग्रँटच्या जोडीचं. अमेरिकी यादवीत व्हिक्सबर्ग पडल्यानंतर कापसाच्या दोन व्यापाऱ्यांनी ग्रँटला रेमिंग्टनची दोन नक्षीदार रिव्हॉल्व्हरं भेट दिली होती, हस्तिदंती मुठीवर ग्रँटचाच चेहरा कोरलेली. (व्यापाऱ्यांना सेनापतीवर इतकं प्रेम का होतं हे विचारू नये, युद्धकाळात कापसाची वाहतूक कुणाच्या परवानगीने होत होती, एवढं लक्षात घेतलं की पुरे.) ही जोडी अस्तित्वात आहे हेच जाणकारांना २०१८ पर्यंत माहीत नव्हतं. मे २०२२ मध्ये ती ५१,७०,००० डॉलरला गेली.

एवढं वाचून असं वाटेल की मागणी ही आधीपासून असतेच, लिलाव फक्त ती मोजतो. पण मागणी तयारही करता येते. विंचेस्टर कंपनी १८७० च्या दशकात एक क्लृप्ती करत असे. कारखान्यात नळ्यांची नेमबाजी तपासताना जी नळी असामान्य अचूक निघे, तिची खास रायफल बांधायची, वर 'हजारात एक' असं कोरायचं आणि शंभर डॉलर घ्यायचे. १८७३ च्या मॉडेलच्या एकूण सात लाखांवर रायफली बनल्या. त्यांत या खास रायफली दीडशेसुद्धा नाहीत. गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही आणि योजना काही वर्षांत बारगळली. मग सत्तर वर्षं कुणाला तिची आठवण नव्हती.

१९५० मध्ये युनिव्हर्सल कंपनीने 'विंचेस्टर ७३' हा सिनेमा काढला. जेम्स स्टुअर्ट नायक, पण खरी नायिका अशीच एक रायफल, जी हातोहात फिरत राहते. जाहिरातीसाठी कंपनीने देशभर शोधमोहीम काढली: तुमच्याकडे 'हजारात एक' असेल तर कळवा. माळ्यांवरून, धान्याच्या कोठारांतून, कपाटांमागून रायफली बाहेर पडू लागल्या. त्या शोधाने पहिल्यांदाच किती उरल्यात याची यादी झाली, आणि यादी झाली की संग्राहकाची झोप उडते. तेव्हापासून त्यांचे भाव जे चढले ते उतरलेच नाहीत. अर्थात मागोमाग नकली मालही आला. साध्या नळीवर चार शब्द कोरणं काही अवघड नाही. पुन्हा कोडीच्या वहीकडे धाव.

सिनेमा याहून पुढेही जातो. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या जाहिरातीसाठी शॉन कॉनरीचे फोटो काढायचे होते आणि बाँडचं वॉल्थर पीपीके आणायलाच मंडळी विसरली. छायाचित्रकार डेव्हिड हर्नला नेमबाजीचा छंद होता. त्याने आपलं वॉल्थर एलपी ५३ कॉनरीच्या हातात दिलं. ते हवेचं पिस्तूल आहे. छर्रे मारतं. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेराचा सर्वांत प्रसिद्ध फोटो छर्ऱ्याच्या पिस्तुलासह आहे, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ते पिस्तूल २,७७,२५० पौंडांना विकलं गेलं. 'स्टार वॉर्स'मधल्या हान सोलोचं, जर्मन माउझर पिस्तुलावर भंगार चिकटवून बनवलेलं हत्यार २०२२ मध्ये दहा लाख डॉलरच्या वर गेलं. ते तर खऱ्या अर्थाने बंदूकही नाही.

मला यात पुढच्या तीस वर्षांची चाहूल दिसते. काउबॉय काळातल्या कोल्ट-विंचेस्टरवर जीव टाकणारे संग्राहक १९५० आणि ६० च्या दशकांत टीव्हीवर घोडेस्वारांच्या मालिका पाहत वाढले. ते आता वृद्ध झाले आहेत, त्यांचे संग्रह बाहेर पडत आहेत. गॅरेटच्या रिव्हॉल्व्हरला धोका नाही. पण मधल्या फळीचा, नाव नसलेला, चाळीस टक्के झळाळीचा माल घेणारं गिऱ्हाईक कमी होत जाणार. नव्या पिढीचा नायक वेगळा आहे. २०१० मध्ये 'द वॉकिंग डेड' मालिका आली, नायकाच्या हातात कोल्ट पायथन दिसलं, आणि २००५ मध्ये उत्पादन बंद झालेल्या त्या रिव्हॉल्व्हरचे भाव भडकले. अखेर २०२० मध्ये कोल्टने ते नव्याने बाजारात आणलं.

आणि भाव खाली येतच नाहीत, असं कुणी सांगितलं तर त्याला लुगरची गोष्ट सांगावी. १९०७ मध्ये अमेरिकी सैन्य नवं पिस्तूल निवडत होतं. जर्मनीहून गेऑर्ग लुगर आपल्या पिस्तुलाचे मोजके नमुने मुद्दाम .४५ मापात बनवून घेऊन गेला. निवड झाली नाही. पुढे कोल्टचं १९११ मॉडेल आलं. उरलेल्या लुगरला संग्राहकांत 'मिलियन डॉलर लुगर' असं नाव पडलं. २०१० मध्ये त्यातलं दोन क्रमांकाचं पिस्तूल जाहीर लिलावात आलं आणि ४,९४,५०० डॉलरला गेलं. नावात दहा लाख, हातात निम्मे.

आता भावाचं एक वेगळंच कारण, ज्याचा इतिहासाशी संबंध नाही. कायदा. १९३४ मध्ये अमेरिकेने मशीनगनच्या प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर बसवला. टॉमी गन म्हणून गुंडांच्या सिनेमांतून माहीत असलेली थॉम्पसन तेव्हा साधारण तेवढ्यालाच मिळे. म्हणजे कर वस्तूइतकाच. हेतू खरेदी बंद पाडण्याचा होता. मशीनगनवर तो कर आजही २०० डॉलरच आहे, म्हणजे महागाईने त्याची पार थट्टा झाली. पण खरा घाव बसला १९ मे १९८६ रोजी. त्या दिवसापासून सामान्य नागरिकासाठी नव्या मशीनगनची नोंद करणं बंद झालं. आधी नोंदलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास नगांचीच तेवढी खरेदी-विक्री होऊ शकते. त्यानंतर एकही नवा नाही. मोडलेले, जप्त झालेले वजा.

परिणाम सरळ आहे. साधी एआर १५ रायफल नवी हजारेक डॉलरला येते. तशीच दिसणारी, पण १९८६ पूर्वी नोंदलेली एम १६ तीस हजारांच्या वर. या दोहोंच्या धातूत, कारागिरीत मोठा फरक नाही. वरचे एकोणतीस हजार सरकारी नोंदीचे. म्हणजे पुन्हा कागदच. फक्त गॅरेटचा कागद इतिहास सांगतो आणि हा परवानगी.

भारतात हेच नाटक वेगळ्या वेशात झालं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला परदेशी बंदूक आयात करणं जवळजवळ बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. त्यामुळे आधी देशात आलेली वेब्ली, वॉल्थर, कोल्ट यांचीच परवानाधारकांत फिरवाफिरव चालते. अमेरिकेत काहीशे डॉलरला मिळणारं जुनं पॉइंट थ्री-टू पिस्तूल इथे कित्येक पटींनी विकलं जातं. ते घेणाऱ्यांत संग्राहक विरळा. बहुतेकांना कंबरेला विलायती हवं असतं, एवढंच. त्याला मी संग्रह म्हणणार नाही.

खरा संग्राहक ज्याच्यामागे लागेल तो भारतीय माल मात्र बहुतांशी लंडनमध्ये विकला जातो. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू सुलतानाचं शस्त्रागार इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसात वाटून घेतलं. टिपूच्या बंदुका ओळखायला सोप्या: वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, वाघाच्या तोंडाचे भाग, कारागिराचं नाव आणि टिपूच्याच कालगणनेतलं साल. पुरावा वस्तूवरच कोरलेला. एप्रिल २०१५ मध्ये बॉनहॅम्सने एका इंग्रज संग्राहकाचा टिपू-संग्रह विकला तेव्हा त्यातली चकमकीची एक शिकारी बंदूक सात लाख पौंडांच्या वर गेली. चारच वर्षांनी बर्कशायरमधल्या एका घराच्या माळ्यावर टिपूची चांदीकामाची बंदूक सापडली, तिला ६० हजार पौंड मिळाले. एक नामांकित संग्रहातून, छापील ग्रंथांत नोंदलेली. दुसरी परवाच धूळ झटकलेली. ओळख पटणं आणि ओळख प्रस्थापित असणं या दोन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दोन्हींचे दर वेगळे.

२०२३ मध्ये तर गंमतच झाली. टिपूसाठी बनवलेली आणि नंतर इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसकडे गेलेली वीस लाख पौंडांची एक बंदूक देशाबाहेर जाऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारनेच निर्यातीवर तात्पुरती बंदी घातली. राष्ट्रीय महत्त्वाचा ठेवा, असं कारण. फ्रान्सने पुढच्या वर्षी हेच नेपोलियनच्या पिस्तुलांबाबत केलं. १८१४ मध्ये पराभवानंतर नेपोलियन याच पिस्तुलांनी स्वतःला संपवणार होता. जवळच्यांनी दारू काढून ठेवली म्हणून वाचला. जुलै २०२४ मध्ये ती १६,९०,००० युरोंना विकली गेली, पण राष्ट्रीय ठेवा जाहीर झाल्यामुळे ती फ्रान्सबाहेर नेण्यावर बंदी आली. नेपोलियनची पिस्तुलं तरी फ्रान्समध्ये बनलेली होती.

महाराष्ट्राने या बाजारात एकदा हात घातला तो तलवारीसाठी. एप्रिल २०२५ मध्ये नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या सदबीजमध्ये विकायला आली आणि राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ४७.१५ लाख रुपयांत ती मिळवली. पातं युरोपी, पण पाठीवर सोन्याने देवनागरीत रघुजींचं नाव आणि पद. ते नसतं तर एक जुनं फिरंगी पातं म्हणून ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेली असती.

आपल्या घरांत अशा वस्तू नाहीत असं नाही. शिकारीच्या काळातल्या विलायती दुनळी बंदुका वतनदार, इनामदार, जुने वकील यांच्या वाड्यांत आजही आहेत. कायद्याची चौकट थोडक्यात अशी: चालू शकेल अशा प्रत्येक बंदुकीला परवाना लागतो, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तू-मोलाच्या हत्याराला १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. तेव्हा अनेकांनी तिसरी म्हणून काढून टाकली ती नेमकी आजोबांची.

ती अजून घरात असेल तर नळीच्या खालच्या अंगाचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक उतरवून घ्या. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स अशा इंग्लंडच्या घराण्यांकडे शतकापूर्वीच्या वह्या आहेत. क्रमांक कळवला की बंदूक कोणासाठी, कधी बनली हे बहुधा सांगता येतं. मूळ पेटी, दुकानाची चिठ्ठी, शिकारीचा फोटो फेकू नका. आणि दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करताना मिळालेल्या त्या पिवळ्या पडलेल्या पावत्या असतील, तर त्याही एका पाकिटात घालून ठेवा. क्रमांक, मालकाचं नाव, तारीख आणि सरकारी शिक्का: गॅरेटच्या विधवेला हेच चारही मिळवायला कोर्टात जावं लागलं होतं.